विळ्यासारखी पेशी आणि कपाळावरची खूण

(आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)

आज बोलण्यासाठी मला दिलेला विषय आहे ‘मानवी आनुवंशिकता आणि वैद्यक’. विषय भला मोठा. मेंडेलच्या वाटाण्यापासून निघून मानवी जनुकांच्या नकाशापर्यंत पोचायचं म्हटलं, तर हाती असलेल्या वेळात नुसती नावं आणि सनावळ्याच वाचून दाखवाव्या लागतील. त्यापेक्षा एकाच आजाराचं बोट धरून चाललेलं बरं, असं मी ठरवलं. तो आजार म्हणजे सिकलसेल. तो निवडण्याची कारणं दोन. माणसाच्या दुखण्याचं मूळ एखाद्या रेणूच्या घडणीत असू शकतं, हे वैद्यकाला पहिल्यांदा याच आजारानं शिकवलं. आणि दुसरं म्हणजे मी विदर्भातला पॅथॉलॉजिस्ट. माझी तीस-पस्तीस वर्षं रक्ताच्या काचपट्ट्या बघण्यात गेली, आणि त्यांतल्या कितीतरी याच आजाराच्या होत्या.

ज्यांनी ही तपासणी कधी पाहिली नाही, त्यांच्यासाठी सांगतो. काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब घ्यायचा, त्यात मेटाबायसल्फाइटचं ताजं द्रावण मिसळायचं, वर पातळ काच ठेवायची आणि तिच्या कडा व्हॅसलिननं बंद करायच्या. आतला प्राणवायू संपतो, बाहेरचा आत येत नाही. अर्ध्या तासानं ही पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. नेहमीची तांबडी पेशी गोल असते, मधोमध अंगठ्यानं दाबलेल्या पेढ्यासारखी. ज्याच्या रक्तात सिकलसेलचा दोष आहे, त्याच्या पेशींना मात्र टोकं फुटलेली दिसतात. काही कोयरीसारख्या, काही सुईसारख्या, काही थेट विळ्यासारख्या वाकलेल्या. गोल पेशी मऊ असते, केसाहून बारीक रक्तवाहिनीतून अंग चोरून निघून जाते. ही ताठ झालेली पेशी अडकते, तिच्यामागे दुसऱ्या अडकतात, आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुंबतो. हाडात तुंबला की असह्य कळा येतात. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे, आणि घरचे लोक म्हणतात, पोराला कावीळ झाली.

आता हे पहिल्यांदा कुणी पाहिलं? डिसेंबर १९०४ मध्ये शिकागोच्या प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलात वॉल्टर क्लेमंट नोएल नावाचा वीस वर्षांचा तरुण दाखल झाला. वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनेडा बेटावरचा, कृष्णवर्णीय, दंतवैद्यकी शिकायला आलेला. खोकला, अशक्तपणा, पायांवर जखमांचे व्रण. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरनं त्याचं रक्त तपासलं आणि त्या लांबोळक्या पेशींची नोंद करून आपले वरिष्ठ जेम्स हेरिक यांना दाखवलं. हेरिक सावध माणूस. त्यांनी या रुग्णाकडे बराच काळ लक्ष ठेवलं आणि सहा वर्षांनी, १९१० मध्ये, लेख प्रसिद्ध केला. त्या लेखात ‘विळ्याच्या आकाराच्या’ हे शब्द आहेत, आजाराचं इंग्रजी नाव त्यातूनच पुढे आलं. गंमत अशी की हेरिक यांचं नाव वैद्यकात अधिक गाजलं ते १९१२ मध्ये त्यांनी हृदयविकाराच्या झटक्याचं जे वर्णन केलं त्यामुळे. आणि रुग्णाचं नाव? ते लेखात नव्हतंच. नोएल शिक्षण पुरं करून ग्रेनेडाला परतला, तिथे त्यानं दातांचा दवाखाना चालवला आणि १९१६ मध्ये न्यूमोनियानं तो वारला. त्याचं नाव आणि कहाणी इतिहासाच्या अभ्यासकांनी शोधून काढली ती कितीतरी दशकांनी.

हेरिकनी पहिल्यांदा पाहिला म्हणजे आजार तेव्हा जन्मला, असं अर्थातच नाही. आफ्रिकेतल्या लोकांना तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. घानातल्या भाषांमध्ये त्याला जी नावं आहेत ती कळा येतात तेव्हाच्या कण्हण्यासारखी ऐकू येतात. ज्याला आपण शोध म्हणतो, तो पुष्कळदा कुणाच्या तरी घरातल्या जुन्या दुःखाला मिळालेलं नवं नाव असतो.

पुढची तीस-पस्तीस वर्षं भराभर ओलांडू. १९२७ मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी दाखवलं की प्राणवायू कमी झाला की पेशी वाकते, आणि तो मिळाला की पुन्हा गोल होते. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आलं की आजार असलेल्या तान्ह्या बाळांच्या रक्तात विळ्यासारख्या पेशी फारच थोड्या होतात. गर्भात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचं असतं, ते जन्मानंतर काही महिने टिकतं आणि तोवर बाळाचं रक्षण करतं, असा त्यांचा तर्क. हा तर्क ध्यानात ठेवा. पन्नास-साठ वर्षांनी सगळा खेळ त्यावरच फिरणार आहे.

आता १९४९ साल. या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. अमेरिकेत जेम्स नील आणि आफ्रिकेत बीट या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवलं की आजारी मुलाला हा दोष आई आणि वडील दोघांकडून आलेला असतो. ज्याला एकाकडूनच मिळतो तो वाहक, म्हणजे अंगात गुण आहे पण आजार नाही. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख आला. सिकलसेल हा ‘रेणूचा आजार’ आहे, असं त्याच्या शीर्षकातच म्हटलं होतं.

पॉलिंग डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. १९४५ मध्ये एका समितीच्या कामात हार्वर्डचे रक्ततज्ज्ञ विल्यम कॅसल यांच्याकडून त्यांनी या आजाराबद्दल ऐकलं. प्राणवायू नसताना पेशी वाकते, म्हणजे दोष पेशीत नसून प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनमध्येच असणार, हे त्यांच्या चटकन ध्यानात आलं. पण सुचणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. सिद्ध करण्याचं काम पडलं हार्वी इटानो या तरुणावर, आणि या माणसाबद्दल दोन शब्द सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. इटानो जपानी आईबापांच्या पोटी कॅलिफोर्नियात जन्मलेला. १९४२ मध्ये बर्कलीच्या विद्यापीठात तो सर्वांत पहिला आला, पण पदक घ्यायला समारंभाला जाऊ शकला नाही. महायुद्ध चालू होतं, अमेरिकेनं आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं होतं, आणि हा सुवर्णपदकवाला मुलगा त्यांतल्याच एका छावणीत होता. तिथून सुटून तो सेंट लुईसला वैद्यकी शिकला आणि १९४६ मध्ये पॉलिंगकडे आला. हिमोग्लोबिनचं द्रावण विजेच्या क्षेत्रात ठेवायचं आणि ते कुठल्या बाजूला किती वेगानं सरकतं ते पाहायचं, अशी ती पद्धत. निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन एका वेगानं सरकलं, रुग्णाचं दुसऱ्या. आणि वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकारचं सापडलं! नीलनी वंशावळीवरून जे गणित मांडलं होतं, ते इथे काचेच्या नळीत डोळ्यांना दिसत होतं. निरोगी हिमोग्लोबिनला ‘ए’ आणि दोष असलेल्याला ‘एस’ म्हणायची रीत पडली. आज आमच्या खेड्यातली आशाताईसुद्धा ‘एएस’ आणि ‘एसएस’ असं सहज बोलते.

फरक आहे हे कळलं, पण नेमका कुठे? ते केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये शोधलं. हिमोग्लोबिनचे विकरानं बारीक तुकडे केले आणि कागदावर पसरवले, तर सुमारे तीस ठिपके उमटले. दोन्ही प्रकारच्या हिमोग्लोबिनमध्ये एक ठिपका सोडून बाकी सगळे सारखे. त्या एका तुकड्यात ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसलं होतं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ दुवे असतात, त्यांतला सहावा तेवढा बदललेला. पुढे डीएनए वाचता येऊ लागल्यावर कळलं की तिथेही एकच अक्षर बदललेलं आहे. पोथी नकलताना एक काना राहून जावा आणि सगळ्या ओवीचा अर्थ फिरावा, तसं.

मग निसर्गानं हा चुकीचा पाठ टिकवला कशाला? त्याचं उत्तर केनियात वाढलेल्या अँथनी अ‍ॅलिसन या तरुण डॉक्टरनं दिलं. १९४९ मध्ये ऑक्सफर्डच्या एका मोहिमेबरोबर तो केनियात गेला होता. समुद्रकिनारी आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी वाहकांचं प्रमाण शंभरात वीस-तीस, आणि उंच डोंगराळ भागात जवळजवळ शून्य, असं त्याला आढळलं. जिथे मलेरिया, तिथे सिकलसेल. १९५४ मध्ये त्यानं दाखवून दिलं की वाहक मुलांच्या रक्तात मलेरियाचे जंतू कमी असतात. एका घराण्यात एखादं मूल या आजारानं जायचं, पण त्याच गुणाच्या जोरावर कितीतरी भावंडं मलेरियातून तरायची. निसर्गाचा हा व्यवहार निर्दय आहे, पण हिशेबी आहे. रक्ताच्या अशा दोषांचा मलेरियाशी संबंध असावा असा तर्क जे. बी. एस. हाल्डेन यांनी थॅलसेमियाबद्दल आधीच मांडला होता. हे हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

मलेरियाचा नकाशा म्हटल्यावर आपला देश त्यात येणारच. १९५२ मध्ये लेहमान आणि कटबुश यांना निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये हा गुण सापडला. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं. नंतर गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट, जिथे जिथे कुणी रक्त तपासलं तिथे तिथे तो सापडत गेला. इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. अमेरिकेत याला ‘काळ्यांचा आजार’ म्हणत, आपल्याकडे ‘आदिवासींचा आजार’ म्हणतात. दोन्ही चूक. हा गुण ग्रीसमध्ये आहे, दक्षिण इटलीत आहे, सौदी अरेबियाच्या पूर्व भागात आहे. विदर्भात तो आदिवासींमध्ये आहे, अनुसूचित जातींमध्ये आहे आणि इतर जातींमध्येही आहे. तो जात विचारून आलेला नाही, डास विचारून आला आहे.

तर १९५७ पर्यंत या आजाराबद्दल जेवढं ठाऊक झालं होतं, तेवढं दुसऱ्या कुठल्याही आनुवंशिक आजाराबद्दल नव्हतं. पण रुग्णाच्या पदरात त्यातलं काय पडलं? खरं सांगायचं तर काहीच नाही. मुलं मरतच होती. पहिला मोठा फरक पडला तो १९८६ मध्ये, आणि तो कुठल्या जनुकीय उपचारानं नव्हे, पेनिसिलिननं. सिकलसेलमध्ये पांथरी लवकर निकामी होते, त्यामुळे लहान मुलं जंतुसंसर्गानं तासाभरात हातची जातात. अमेरिकेतल्या एका चाचणीत अशा बाळांना रोज दोन वेळा पेनिसिलिन दिलं, तर गंभीर संसर्गाचं प्रमाण ८४ टक्क्यांनी घटलं. चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवावी लागली, कारण उरलेल्या मुलांना औषधावाचून ठेवणं योग्य ठरलं नसतं. पण औषध द्यायचं तर आजार जन्मतःच कळायला हवा. म्हणून नवजात बाळांची तपासणी सुरू झाली.

जमैकामध्ये ग्रॅहम सर्जंट या इंग्रज डॉक्टरनं आणखी साधं काम केलं होतं. या मुलांच्या पांथरीत कधी कधी अचानक रक्त साठतं, पोट फुगतं आणि मूल काही तासांत जातं. सर्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयांना बाळाचं पोट चाचपायला शिकवलं. डाव्या बरगडीखाली रोज हात ठेवायचा, पांथरी वाढलेली लागली की धावत दवाखान्यात यायचं. एवढ्यानं त्या प्रकारचे मृत्यू जवळजवळ नव्वद टक्क्यांनी कमी झाले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून होतो. हिमोग्लोबिनचा सहावा दुवा शोधायला केंब्रिजची प्रयोगशाळा लागली, आणि मूल वाचवायला आईचा तळहात. दोन्हींचं मोल मोठं आहे, पण गौरव मात्र एकाचाच होतो. हेच सर्जंट पुढे ओडिशातल्या डॉक्टरांबरोबर तिथल्या सिकलसेलच्या अभ्यासातही होते.

आता या इतिहासातल्या मला सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या भागाकडे येतो. रक्ताच्या एका थेंबावरून वाहक ओळखता येतो म्हटल्यावर त्या माहितीचं काय करायचं? १९६८ मध्ये पॉलिंग यांनी एका लेखात सुचवलं की ज्या तरुणांमध्ये हे जनुक आहे त्यांच्या कपाळावर गोंदून खूण करावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणारच नाहीत. हे लिहिणारा माणूस कोण, तर ज्याला रसायनशास्त्राचं आणि शांततेचं, अशी दोन नोबेल पारितोषिकं मिळाली तो. दुष्ट हेतूनं त्यांनी लिहिलं नव्हतं. मुलांचे हाल टळावेत एवढीच इच्छा होती. पण छावणीतून आलेला इटानो ज्याच्या प्रयोगशाळेत होता, त्याला माणसांवर खुणा करण्याचा इतिहास कसा आठवला नाही, याचं मला नवल वाटतं.

कपाळावर कुणी गोंदलं नाही, पण कागदावर गोंदलंच. १९७० नंतर अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी कायदे करून ही तपासणी सक्तीची केली. कुठे शाळेत जाताना, कुठे लग्नाचा परवाना घेताना. काही कायद्यांच्या मसुद्यांतच वाहक आणि रुग्ण यांची गल्लत होती. धडधाकट वाहकांना विमा नाकारला गेला, नोकऱ्या नाकारल्या गेल्या. हवाई दलाच्या अकादमीत वाहकांना प्रवेशच नव्हता; ती बंदी उठली १९८१ मध्ये. १९७२ च्या केंद्रीय कायद्यानं, सरकारी पैसा हवा असेल तर तपासणी ऐच्छिक हवी, असं बजावल्यावर बरीच राज्यं वळणावर आली.

दुसरा दाखला ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस या गावाचा. तिथे जवळजवळ चौथा हिस्सा लोक वाहक. डॉक्टरांनी गावाची तपासणी केली, प्रत्येकाला त्याची स्थिती सांगितली, वाहकानं वाहकाशी लग्न करू नये असं समजावलं आणि काही वर्षांनी परत जाऊन पाहिलं. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की वाहक-वाहकांची लग्नं नशिबानं व्हायची तेवढीच झाली होती. काहींनी आपण वाहक असल्याचं लपवलं होतं. आणि आधी नसलेली एक गोष्ट गावात आली होती, ती म्हणजे वाहक असण्याची लाज.

हे वाचताना मला ग्रीस दिसतच नव्हतं. मला माझ्या टेबलासमोरचा एक बाप दिसत होता. मुलगी वाहक, अहवाल हातात. तो मला विचारत होता, “काहून जी, माह्या पोरीत खोट हाय का?” मी म्हटलं, खोट नाही, तुमच्या पोरीला आयुष्यात याचा काही त्रास होणार नाही. तो म्हणाला, “मंग कागदावर काहून लिवलं?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं, पण त्याच्या गावाकडे नव्हतं. शिबिरांमधून मी एक पाहत आलो आहे. स्थळ बघताना मुलीचा अहवाल मागतात, मुलाचा कुणी मागत नाही. मुलगा वाहक नसेल तर मुलगी वाहक असून काहीच बिघडत नाही, हे साधं गणित. पण ते मांडायला दोघांचे कागद शेजारी ठेवावे लागतात. आणि आजारी मूल जन्मलं की बोल लागतो आईला, जरी बापाकडून निम्मा वाटा आल्यावाचून ते मूल आजारी असूच शकत नाही.

गणिताचा विषय निघालाच आहे तर आणखी एक घोटाळा. दोघे वाहक असतील तर चारात एक मूल आजारी, असं आम्ही सांगतो. लोक समजतात, पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होणार. तसं नसतं. दर खेपेला दोन नाणी नव्यानं उडवायची आहेत. मागच्या खेपेला काय पडलं ते नाण्याला आठवत नाही.

मग मार्ग काय? सायप्रस बेटावर थॅलसेमियाबाबत वेगळी रीत पडली. तिथे लग्नाआधी तपासणी होते, चर्चही प्रमाणपत्र बघतं, पण लग्न मोडत नाही. दोघेही वाहक निघाले तरी बहुतेक जोडपी लग्न करतातच. पुढे गरोदरपणी गर्भाची तपासणी करून घेतात. ही तपासणीही सिकलसेलच्या वाटेनंच आली आहे. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कान आणि डोझी यांनी गर्भजलातल्या पेशींचा डीएनए तपासून सिकलसेलचं निदान केलं, आणि डीएनएवरून गर्भनिदान करण्याचं पर्व सुरू झालं. आपल्याकडे मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेनं हे काम वर्षानुवर्षं केलं आहे. निदान झाल्यावर काय करायचं, हा ज्याचा त्याचा प्रश्न. डॉक्टरनं माहिती द्यावी आणि गप्प बसावं, असं माझं मत आहे. गप्प बसणं आम्हाला कॉलेजात कुणी शिकवत नाही, ही वेगळी गोष्ट.

आता जॅनेट वॉटसनच्या तर्काकडे. गर्भातलं हिमोग्लोबिन रक्षण करतं, तर ते मोठेपणीही टिकवता येईल का? हायड्रॉक्सियुरिया नावाचं रसायन १८६९ पासून माहीत होतं, कर्करोगात वापरलं जात होतं. त्यानं गर्भीय हिमोग्लोबिन वाढतं असं दिसल्यावर अमेरिकेत चाचणी झाली. १९९५ मध्ये निकाल आला की कळांचे झटके जवळजवळ निम्म्यानं कमी होतात. रेणूचा पत्ता लागल्यानंतर ४६ वर्षांनी मिळालेलं हे पहिलं औषध, आणि तेही दुसऱ्या आजाराचं उसनं आणलेलं. आपल्याकडच्या रुग्णांमध्ये हे जनुक ज्या वाणाचं आढळतं, त्याला अरब-भारतीय म्हणतात. त्यात गर्भीय हिमोग्लोबिन मुळातच जास्त असतं, म्हणून आपला आजार सौम्य, असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. नागपूरच्या बालरोगतज्ज्ञांच्या अभ्यासांनी ते समाधान फार काळ टिकू दिलं नाही. इथली मुलंही वारंवार कळांनी, रक्तक्षयानं दाखल होतात. त्याच अभ्यासांतून हेही कळलं की आपल्या मुलांना हायड्रॉक्सियुरियाची कमी मात्रासुद्धा चांगली लागू पडते. या गोळ्या महाग नाहीत. नियमित घेणं आणि अधूनमधून रक्त तपासणं, एवढंच पथ्य. पण ‘एवढंच’ हा शब्द शहरातला. भामरागडहून जिल्ह्याला यायचं तर दिवसाची मजुरी बुडते.

आणि अगदी अलीकडचं. प्रौढपणी गर्भीय हिमोग्लोबिन बंद करणारं एक जनुक २००८ च्या सुमाराला ओळखलं गेलं. रुग्णाच्याच अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी बाहेर काढायच्या, क्रिस्पर या तंत्रानं त्यातली ती कळ दाबायची आणि पेशी परत घालायच्या, असा उपचार ब्रिटननं १६ नोव्हेंबर २०२३ रोजी आणि अमेरिकेनं ८ डिसेंबर २०२३ रोजी मंजूर केला. क्रिस्परवर आधारलेला जगातला हा पहिला मंजूर उपचार. किंमत एका रुग्णाला २२ लाख डॉलर, तेव्हाच्या दरानं सुमारे १८ कोटी रुपये. शिवाय आधीची मज्जा जाळून टाकणारी औषधं आणि कित्येक आठवडे रुग्णालयात मुक्काम. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेत स्वदेशी पद्धतीवर काम चालू आहे. ते यशस्वी व्हावं. पण तोवर नवजात बाळाची तपासणी, पेनिसिलिन, लशी, हायड्रॉक्सियुरिया आणि पांथरी चाचपणारी आई यांच्यावर खर्च केलेल्या रुपयाला जास्त फळ येईल, असं मला वाटतं. कुणी मला जुन्या वळणाचा म्हणेल, म्हणो.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट. तपासलेल्यांना त्यांची स्थिती दाखवणारं कार्ड मिळतं. लग्न ठरवताना ही कार्डं जुळवून पाहा, असंही सांगितलं जातं. या कार्डाचं स्वागत करतानाच मला ऑर्कोमेनोस आठवतं. कार्ड दाखवल्यावर रुग्णाला औषधाच्या खिडकीवर गोळ्या मिळाल्या, एसटीत आणि परीक्षेत सवलत मिळाली, तर तो ते जपून ठेवील. लग्नाच्या बाजारातच त्याचा उपयोग असेल, तर ते पेटीच्या तळाशी जाईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे, हेही पुष्कळ कुटुंबांना माहीत नसतं.

शेवटी श्रोत्यांपैकी ज्यांना तपासणी करून घ्यायची असेल त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. प्राथमिक आरोग्य केंद्रात जी पहिली चाचणी होते, तिला सोल्युबिलिटी चाचणी म्हणतात. ती पॉझिटिव्ह आली याचा अर्थ रक्तात ‘एस’ हिमोग्लोबिन आहे, इतकाच. तुम्ही वाहक की रुग्ण, हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते. ती झाल्याशिवाय कुणी तुम्हाला ‘सिकलसेल झाला’ असं म्हटलं तर मानू नका. अहवालावर ‘एए’, ‘एएस’ की ‘एसएस’ हे स्पष्ट लिहून मागा. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची सोल्युबिलिटी चाचणी निगेटिव्ह आली तरी फसू नका, कारण त्याचं गर्भीय हिमोग्लोबिन अजून गेलेलं नसतं. आणि नवराबायको असाल तर दोघांनी एकाच दिवशी रक्त द्या.